चिमणी घेण्याआधी हवेची वाट शोधा

एक उदबत्ती पेटवा. स्वयंपाकाच्या वेळी घराची दारं-खिडक्या जशा असतात तशाच राहू द्या, गॅस आणि पंखे बंद ठेवा आणि ओट्यापाशी दोन मिनिटं उभे राहा. धूर कुठे वळतो ते बघा. मग तीच उदबत्ती स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीत धरा, नंतर खिडकीशी धरा. चिमणीच्या दुकानात जाण्याआधी करायचं काम एवढंच आहे, आणि ते फार कमी लोक करतात.

पुण्यात आमच्या फ्लॅटमध्ये हा प्रयोग केला तेव्हा धूर सरळ हॉलकडे गेला. आमची ड्राय बाल्कनी पश्चिमेला आहे. वारा तिथून आत येतो, ओट्यावरून जातो आणि हॉलच्या गॅलरीतून बाहेर पडतो. फोडणी टाकताना बाल्कनीचं दार उघडलं की ठसका बाहेर जातो, अशी आमची आठ वर्षं समजूत होती. प्रत्यक्षात आम्ही तो मधल्या खोलीत बसलेल्या आईकडे पाठवत होतो. आईला दमा आहे. हे कळल्यापासून मी या विषयाच्या मागे लागलो, कारण आमच्या घरातली चूक यंत्राची नव्हती. हवेला वाटच उलटी होती.

स्वयंपाकघरातली हवा खेळती ठेवायची म्हणजे तीन गोष्टी जुळवायच्या: ताजी हवा आत येण्याची जागा, ती शेगडीवरून जाण्याचा रस्ता आणि धूर घेऊन बाहेर पडण्याची जागा. पंखा किंवा चिमणी त्या हवेला ढकलते किंवा ओढते, रस्ता तयार करत नाही.

बाहेर काय घालवायचं आहे

आपण सगळ्याला धूर म्हणतो, पण त्यात चार वेगळ्या गोष्टी असतात. पहिली वाफ. ती फक्त भाताच्या पातेल्यातून येत नाही, ज्योतीतूनही येते. 1 किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे 22 लिटर पाणी नुसत्या ज्योतीतून घराच्या हवेत गेलेलं असतं. पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला बुरशी का धरते, माळ्यावरच्या डब्यांची झाकणं दमट का लागतात, याचा एक मोठा भाग इथे आहे.

दुसरी गोष्ट तेलाचे कण. मोहरी तडतडते, हिंग-मिरची पडते, तेव्हा तेल अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात उडतं. त्यातले मोठे थेंब ओट्यावर आणि टाइल्सवर बसतात. बारीक थेंब हवेत तरंगत राहतात, वाफेबरोबर वर जातात आणि धूळ पकडून तो चिकट तपकिरी थर बनवतात, जो दिवाळीच्या आधी आपण घासत बसतो. 2.5 मायक्रॉनपेक्षा लहान कण तर फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार चोवीस तासांच्या सरासरीत हे कण एका घनमीटर हवेत 15 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. भारताची बाहेरच्या हवेसाठीची मर्यादा 60 आहे. तेल फार तापवून तळताना निघणाऱ्या धुरालाही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलेलं आहे. घाबरून तळणं सोडा असा याचा अर्थ नाही. रोज दोन वेळा ओट्यापाशी जो माणूस उभा असतो, आणि आपल्याकडे ती बहुतेक घरातली बाईच असते, तिच्या नाकासमोरून हा धूर गेला नाही पाहिजे, एवढा अर्थ नक्की आहे.

तिसरी गोष्ट दिसत नाही: नायट्रोजन डायऑक्साइड. हवेतलाच नायट्रोजन ज्योतीच्या उष्णतेत जळून हा वायू तयार होतो. म्हणून नुसता चहा ठेवला, तेलाचा थेंबही वापरला नाही, तरी तो तयार होतोच. श्वासनलिकेला तो झोंबतो आणि दमा असलेल्यांना व लहान मुलांना जास्त त्रास देतो. पुष्कळ घरांत चिमणी फक्त फोडणीपुरती लावतात आणि चपात्या करताना बंद करतात. फुलके थेट ज्योतीवर भाजणाऱ्या घरात ज्योत अर्धा-पाऊण तास चालू असते. चिमणी त्या वेळी चालू हवी, मंद गतीवर का होईना.

चौथा कार्बन मोनॉक्साइड. निळ्या, स्थिर ज्योतीतून तो नगण्य निघतो. ज्योत पिवळी झाली, भांड्याचं बूड काळं व्हायला लागलं की समजावं, गॅस नीट जळत नाही. तेव्हा चिमणीचा वेग वाढवून भागत नाही, बर्नर साफ करून घ्यावा लागतो.

कोकणातल्या कौलारू घरात माझी आजी चुलीवर स्वयंपाक करायची. डोळे चुरचुरायचे, आढं काळं झालेलं असायचं, पण धूर कौलांच्या फटींतून रात्रंदिवस बाहेर झिरपत राहायचा. त्या घराला भोकंच इतकी होती की वायुवीजन कुणी वेगळं करत नसे. चुलीचा धूर वाईटच, त्याची आठवण काढून हळहळण्यात अर्थ नाही. पण आपण चूल सोडून गॅसवर आलो आणि त्याच वेळी कौलं सोडून स्लॅबखाली आलो. स्लॅबला फट नसते. खिडक्यांना सरकत्या काचा बसल्या, ड्राय बाल्कनी काचेनं बंद झाली. धूर कमी झाला, पण जो उरला त्याला जायला जागा राहिली नाही.

एक्झॉस्ट फॅन की चिमणी

दोघांचं काम वेगळं आहे. एक्झॉस्ट फॅन खोलीतली सगळी हवा बदलतो. धूर आधी खोलीभर पसरतो, मग पातळ होत बाहेर जातो. चिमणी धूर पसरण्याआधी शेगडीच्या वरच पकडते. म्हणून रोज फोडणी, मासे किंवा तळण असलेल्या घरात चिमणी चांगली. रोजचा स्वयंपाक साधा आणि खिडकी ओट्याजवळ असेल तर चांगला एक्झॉस्ट फॅन पुरतो, आणि तो कितीतरी स्वस्त पडतो. बजेट कमी असेल तर वाईट बसवलेल्या चिमणीपेक्षा योग्य जागी बसवलेला पंखा घ्यावा, असं मी कुणालाही सांगेन.

पंख्याचं माप काढायला सोपा हिशेब आहे. समजा स्वयंपाकघर 8 बाय 10 फूट आणि उंची साडेनऊ फूट. एकूण 760 घनफूट, म्हणजे साधारण 21.5 घनमीटर. स्वयंपाक चालू असताना खोलीतली हवा तासाला 15 ते 20 वेळा बदलावी असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे तासाला 320 ते 430 घनमीटर. खोक्यावर लिहिलेला आकडा याहून बराच जास्त असू द्या, कारण तो बहुतेक वेळा हवेला काहीच अडथळा नसताना मोजलेला असतो. जाळी, झडप आणि वाऱ्याचा उलट दाब आला की तो उतरतो.

आता जागा. आपल्याकडच्या खिडक्यांमध्ये वरच्या एका चौकोनात पंखा बसवतात आणि पंखा चालू करताना खालची तीच खिडकी सताड उघडतात. आता हवा कुठून येणार? जवळच्या वाटेनं, म्हणजे पंख्याच्या खालच्या उघड्या काचेतून. ती आत येते आणि वळून लगेच पंख्यातून बाहेर जाते. शेगडीवरचा धूर तिथेच घुटमळत राहतो. पंखा गरगरतोय, आवाज येतोय, वीज जातेय आणि काम शून्य. पंखा चालू असताना त्याच्या शेजारची खिडकी बंद ठेवा आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडा. हवा खोली ओलांडून, ओट्यावरून गेली पाहिजे. पंखा शक्यतो छताजवळ आणि शेगडीच्या जवळच्या भिंतीत असावा, कारण गरम धूर आधी वर चढतो.

छताचा पंखाही स्वयंपाक चालू असताना बंद हवा. उन्हाळ्यात हे कठीण वाटतं, मान्य आहे. पण शेगडीवरून सरळ वर चढणारा धूर तो पंखा फोडून खोलीभर उधळतो आणि चिमणीच्या हाती काही लागत नाही.

चिमणी निवडताना

दुकानात सगळ्यात आधी आकडा ऐकू येतो: 1200, 1400, 1500. हे तासाला ओढायच्या हवेचे घनमीटर. वर आपण पाहिलं की 8 बाय 10 च्या स्वयंपाकघराची गरज 400 च्या आसपास आहे. मग एवढा मोठा आकडा कशाला? थोडा जास्त लागतो, कारण फोडणीचा धूर एकदम उसळतो आणि पाइपमध्ये ओढ कमी होते. पण आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा तीन साध्या गोष्टी बघा.

चिमणी शेगडीपेक्षा अरुंद नको. शेगडीपासूनची उंची बहुतेक 65 ते 75 सेंटिमीटर सांगितलेली असते. त्या मॉडेलच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच धरा. खाली लावली तर ज्योतीचा धोका, वर लावली तर धूर बाजूनं निसटतो. तिसरी गोष्ट आकार. तिरक्या काचेच्या सपाट चिमण्या दिसायला छान असतात, पण फोडणीचा धूर एका झटक्यात येतो आणि सपाट काचेवर आपटून पसरतो. खोलगट छत्रीसारखी चिमणी तो लोट क्षणभर धरून ठेवते, तोवर पंखा ओढून घेतो. माझी पसंती खोलगट आकाराला आहे. आणि कुठलीही चिमणी घेतलीत तरी तळण मागच्या बर्नरवर करा. पुढच्या बर्नरवरचा धूर निम्मा तुमच्या अंगावर येतो.

पाइप नसलेली चिमणीही मिळते. ती हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत खोलीतच सोडते. तेल आणि थोडा वास अडतो, पण वाफ, उष्णता आणि कार्बन मोनॉक्साइड जसेच्या तसे परत येतात. त्यात कोळसा धुता येत नाही, काही महिन्यांनी बदलावाच लागतो, आणि बदलायचं लोक विसरतात. आम्ही आधी हीच घेतली होती. भिंत फोडावी लागत नाही, असं दुकानदारानं सांगितलं आणि आम्हाला बरं वाटलं. आईचा खोकला तसाच राहिला. भिंतीला भोक पाडणं अगदीच अशक्य असेल तरच हा पर्याय घ्या, आणि त्याबरोबर एक्झॉस्ट फॅन ठेवा.

खरी चिमणी म्हणजे पाइप

चिमणी बसवणारा माणूस येतो तेव्हा त्याच्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा आकसणारा पाइप असतो. तो वळवायला सोपा, पण आतून सुरकुतलेला. सुरकुत्यांत हवा अडते आणि तेल साठतं. घ्यावाच लागला तर पूर्ण ताणून बसवायला सांगा. उरलेला पाइप गुंडाळून लॉफ्टमध्ये कोंबू देऊ नका. आतून गुळगुळीत, पत्र्याचा कडक पाइप सगळ्यात चांगला.

चिमणीच्या तोंडाचा व्यास 6 इंच असेल तर पाइप शेवटपर्यंत 6 इंचीच राहू द्या. भिंतीतलं भोक लहान पडलं म्हणून पुष्कळ ठिकाणी 4 इंची तुकडा जोडतात. 6 इंची पाइपचं तोंड सुमारे 28 चौरस इंच, 4 इंचीचं साडेबारा. म्हणजे निम्म्याहून जास्त वाट तिथे बंद झाली. आवाज वाढतो, ओढ कमी होते आणि दोष कंपनीला देतात. वळणांचंही तसंच: एक काटकोनी वळण म्हणजे काही मीटर सरळ पाइप वाढवल्यासारखं. म्हणून शेगडी शक्यतो बाहेरच्या भिंतीला लागून ठेवा. नवीन घराचा ओटा ठरवत असाल तर हा विचार टाइल्सच्या रंगाच्या आधी करा.

भोक बीममधून किंवा कॉलममधून कधीही पाडू नका. सोसायटीची परवानगी घ्या आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीखाली तोंड येत नाही ना ते बघा. तुमच्या बांगड्याचा वास कुणाच्या बेडरूममध्ये रोज जाणं बरं नाही. बाहेरच्या बाजूला पाइपला थोडा उतार द्या आणि तोंडावर आपोआप मिटणारी झडप लावा. मुंबईत, कोकणात पश्चिमेचा पाऊस आडवा येतो आणि पाणी पाइपमधून थेट शेगडीवर गळतं. झडप नसेल तर कबुतरं घरटं करतात, हेही नेहमीचंच. त्यासाठी बारीक जाळी लावू नका, ती तेलानं बुजते.

आणि पाइप काचेनं बंद केलेल्या ड्राय बाल्कनीत सोडू नका. धूर बाहेर गेल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो वॉशिंग मशीनच्या मागे साठून परत आत येतो. बिल्डिंगच्या डक्टमध्ये सोडायचा असेल तर तो डक्ट वर उघडा आहे का, आणि त्यात बाथरूमच्या खिडक्या उघडतात का, ते आधी बघा.

आत येणारी हवा

या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग हा. चिमणी तासाला 400 घनमीटर हवा बाहेर टाकत असेल तर तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. ती हलक्या झुळकेच्या वेगानं, सेकंदाला एक मीटर, यायची असेल तर साधारण 1.2 चौरस फुटांची मोकळी जागा लागते, म्हणजे जवळजवळ दोन ए-फोर कागदांएवढी. एसी चालू आहे म्हणून सगळं बंद केलं तर चिमणी गुदमरते. मग ती मिळेल तिथून हवा ओढते: बाथरूमच्या डक्टमधून, मोरीच्या जाळीतून. चिमणी लावली की घरात गटाराचा वास येतो, अशी तक्रार असेल तर आधी एक खिडकी उघडून बघा.

याच ओढीचा एक जीवघेणा भाग आहे. घरात गॅस गिझर असेल आणि चिमणी बंद घरातून जोरात हवा ओढत असेल, तर गिझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी उलटा आत येऊ शकतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गरगरतं आणि दार उघडण्याची ताकद उरत नाही. गॅस गिझर न्हाणीघरात नकोच. बंद ड्राय बाल्कनीत असेल तर तिची एक काच कायमची काढून टाका. ही एकच गोष्ट वाचून केलीत तरी मला पुरे आहे.

गॅस गळतीचा वास आला तर चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन लावून वास घालवायचा प्रयत्न करू नका. बटणाच्या ठिणगीनं स्फोट होऊ शकतो, आणि चालू असलेलं बटण बंद करतानाही ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 1906 वर फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो; म्हणून ओट्याखालच्या कपाटाला खाली झरोका हवा. पाइपनं येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो छताशी जमतो. पाइप गॅस घेतला असेल तर वरचा झरोका बुजवू नका, फॉल्स सीलिंग करतानासुद्धा.

इंडक्शनवर आलेल्यांनाही चिमणी लागतेच. ज्योतीचे वायू आणि ज्योतीची वाफ गेली, तेलाचे कण तेवढेच राहिले.

एका खोलीच्या घरात, चाळीत, भाड्याच्या जागेत यातलं बरंच काही करता येत नाही. तिथे शेगडी खिडकीशी सरकवा, झाकण ठेवून शिजवा, तेल धुरावेपर्यंत तापवू नका आणि पंखा खिडकीत बाहेर तोंड करून ठेवा. साधा टेबल फॅनसुद्धा चालेल, फक्त पडदे त्यापासून दूर ठेवा. मिरच्या भाजायच्या त्या दिवशी लहान मुलांना बाहेर खेळायला पाठवा.

आमच्या घरी शेवटी चिमणीचा पाइप उत्तरेच्या भिंतीतून काढला. स्वयंपाकाच्या वेळी बाल्कनीचं दार आता फक्त चार बोटं उघडं ठेवतो आणि हॉलकडचं दार लोटून घेतो. उदबत्ती पुन्हा लावून पाहिली, धूर ओट्यावरून सरळ वर चढला.

वापराचं थोडं. शेगडी पेटवण्याआधी दोन मिनिटं चिमणी मंद गतीवर लावा, म्हणजे हवेचा प्रवाह आधीच तयार असतो. गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. स्टीलचे बॅफल, म्हणजे पट्ट्यांचे, फिल्टर दर पंधरा-वीस दिवसांनी कडकडीत पाण्यात सोडा आणि भांडी घासायचा साबण टाकून भिजत ठेवा. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला कॉस्टिक सोडा लावू नका, ती काळी पडून खराब होते. ऑटो-क्लीन चिमणी आतलं तेल वितळवून वाटीत गोळा करते, पण पाइप साफ करत नाही, आणि ती वाटी रिकामी तुम्हालाच करायची असते. पाइपमध्ये साठलेलं तेल पेट घेऊ शकतं, म्हणून वर्षातून एकदा तो उतरवून धुवा. मे महिना बरा: पावसाच्या आधी झडपही तपासून होते आणि कबुतराचं घरटं असेल तर तेही तेव्हाच कळतं.